शुगर, रेशनची पिशवी आणि फोनवरचा निरोप

सकाळचे अकरा वाजलेत. पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतून सहाला निघालेली बाई तिसऱ्या घरची भांडी घासते आहे. फोन वाजतो. निरोप असा: "मधुमेहींनी कर्बोदकांचे सेवन मर्यादित ठेवून तंतुमय आहार घ्यावा." निरोप खरा आहे, मराठीत आहे, फुकट आहे आणि पूर्ण वाया गेलेला आहे. तिच्या पोटात सकाळचा चहा आणि दोन खाऱ्या आहेत. पुढचं खाणं दुपारी अडीच-तीनला. त्या खाण्याचा डबा पहाटे पाचलाच भरून झाला: दोन भाकऱ्या, बटाट्याची भाजी. अकरा वाजता तिच्या हातात बदलण्यासारखं काहीच उरलेलं नाही. हाच निरोप आदल्या संध्याकाळी सातला, कोणत्या डाळीची किंवा कडधान्याची किती मूठ भिजत घालायची हे सांगत आला असता, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा डबा वेगळा झाला असता.

कमी कमाईच्या घरातल्या मधुमेहींना फोनवरून आहाराची मदत करायची म्हणजे नेमकं काय, ती कुठे चालते, कुठे फसते आणि का फसते, हे इथे उलगडून सांगायचा प्रयत्न आहे. घरात कुणाला शुगर असेल, वस्तीत आरोग्याचं काम करत असाल, किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या फोनवर एखादं ॲप टाकून द्यायचा विचार असेल, तर या तिन्ही वेळी हे उपयोगी पडेल.

डिजिटल मदत म्हटलं की लोकांना ॲपच आठवतं. प्रत्यक्षात त्याच्या अलीकडे बरंच काही असतं. साधा एसएमएस, रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन, व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप, परिचारिकेचा किंवा आहारतज्ज्ञाचा आठवड्याचा एक फोन, केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत दूरसल्ला सेवा. या सगळ्यांत सर्वांत स्वस्त असलेल्या एसएमएसबद्दल आपल्याकडचाच एक चांगला अभ्यास आहे. दक्षिण भारतातल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. निम्म्यांना सुरुवातीला एकदा सल्ला दिला आणि सोडून दिलं. निम्म्यांना तोच सल्ला देऊन पुढे दोन वर्षं आहार-व्यायामाचे एसएमएस पाठवले. दोन वर्षांनी पहिल्या गटात २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता, एसएमएसवाल्या गटात १८ टक्क्यांना. इतक्या स्वस्त साधनासाठी हा फरक मोठा आहे. पण हे लोक पगारदार होते, पुरुष होते आणि त्यांना मधुमेह अजून झालेला नव्हता. रोजंदारीवरच्या, आधीच गोळ्या चालू असलेल्या बाईला हेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्यातली पहिली तिच्या पिठाच्या डब्यात आहे.

पिशवीत काय आहे

अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या घरात २० किलो, म्हणजे माणशी रोज १६७ ग्रॅम गहू-तांदूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठात ६४. म्हणजे रेशनचं सगळं धान्य खाल्लं तरी दिवसाला ११० ते १३० ग्रॅम कर्बोदकं होतात. हे काही भयंकर नाही. गडबड होते ती पुढे. पिशवीत धान्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं. डाळ, कडधान्य, अंडी, भाजी, तेल हे सगळं रोख पैशाने आणावं लागतं. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत रोख संपते आणि ताटात वरण पातळ होत जातं, भाजीच्या जागी चटणी येते, पोट भरायला तिसरी भाकरी आणि वर आणखी भात येतो. शुगरचे आकडे महिनाअखेरीला बिघडले तर हे आधी विचारून पाहावं. त्यामागे दर वेळी हलगर्जी नसते.

भारतीय माणूस दिवसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून समोर आलं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका म्हणते की धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या आत ठेवा. ही तफावत भरून काढायचा मार्ग बहुतेक ॲप आणि फॉरवर्ड एकाच वाक्यात सांगतात: "गव्हाऐवजी ज्वारी खा." इथे थोडं थांबायला हवं, कारण पुण्यात ज्वारीच्या भाकरीवर लोकांची श्रद्धा आहे. त्याच तक्त्यांत ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅम आणि तंतू १० ग्रॅम. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात कर्बोदकं ६४ आणि तंतू ११. बाजरी ६२ आणि ११. म्हणजे घरच्या कणकेची चपाती सोडून तितक्याच वजनाची ज्वारीची भाकरी खाल्ली, तर साखरेच्या हिशेबात फारसं काही हललेलं नसतं. पांढऱ्या तांदळाशी तुलना केली तर फरक पडतो, कारण तिथे तंतू जेमतेम ३ ग्रॅम असतात. वर उल्लेख केलेल्या पाहणीतही तेच दिसलं: एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं आढळलं नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यांची किंवा दुधाची प्रथिनं आली, तेव्हा तो कमी झालेला दिसला. रेशनचा मोफत गहू विकून महागाची नाचणी घेणाऱ्या घरांपर्यंत ही एवढी गोष्ट पोचली तरी त्यांचे पैसे वाचतील.

एक भाकरी म्हणजे किती?

ॲपमध्ये "१ भाकरी" निवडली की ते एक आकडा दाखवतं. कोणाची भाकरी? सोलापूरकडच्या घरातली पातळ, की मावळातली जाड? या एका प्रश्नापाशी बहुतेक ॲपचा हिशेब ढासळतो. यावरचा उपाय वजनकाट्याशिवायही होतो. घरी विचारायचं, एक किलो पिठाच्या किती भाकऱ्या होतात? रोज थापणारी बाई हा आकडा चटकन सांगते. सोळा झाल्या तर एका भाकरीत साधारण ६२ ग्रॅम पीठ, म्हणजे ४२ ग्रॅम कर्बोदकं. एक किलो कणकेच्या चाळीस चपात्या होत असतील तर एका चपातीत २५ ग्रॅम कणीक, म्हणजे १६ ग्रॅम. याचा अर्थ त्या घरातली एक भाकरी अडीच चपात्यांच्या बरोबरीची आहे. "चपाती सोडली, आता फक्त तीन भाकऱ्या खातो" असं अभिमानाने सांगणारे काका सात-आठ चपात्यांइतकं खात असतात, आणि शुगर का उतरत नाही म्हणून ज्वारीला दोष देतात.

भाताचं माप वाटीने घ्यावं, पण वाटी एकच ठरवून. त्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचं ठरलेलं प्रमाण डोळ्यासमोर ठेवायला चांगलं आहे: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. यात कर्बोदकं ८० ग्रॅमच्या आसपास होतात, त्यातली निम्म्याहून अधिक त्या एका मुदीत आहेत. थाळी बाहेर खाणाऱ्या हमालाला किंवा रिक्षावाल्या काकांना "बाहेरचं खाऊ नका" सांगणं फुकट आहे. "भात अर्धा घ्या, वरण आधी प्या, भाजी संपवा, मग चपातीला हात लावा" हे सांगता येतं. भाजी-वरण आधी आणि भात-चपाती नंतर, एवढ्या क्रमानेही जेवणानंतर शुगर कमी चढते. याला एक पैसा लागत नाही, म्हणून सुरुवातीच्या निरोपांत हा असायलाच हवा.

आता अदलाबदल. दोन भाकऱ्यांच्या डब्यातली एक भाकरी काढली तर ४२ ग्रॅम कर्बोदकं गेली, पण दोनशेच्या वर उष्मांकही गेले, आणि मावशींना अजून दोन घरांची कामं करायची आहेत. तिथे ३० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली वाटीभर उसळ घातली, की सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं आणि सहा ग्रॅम प्रथिनं परत आली, तीही हळूहळू पचणारी. वर मोठा चमचाभर शेंगदाण्याची चटणी घातली की उष्मांकांची तूट भरते. पोट रिकामं वाटत नाही आणि कर्बोदकांची निव्वळ वजाबाकी पंचवीस ग्रॅमच्या आसपास होते. मटकीच्या जागी चवळी, हरभरा, हुलगे, जे स्वस्त असेल ते. एक अंडं ६ ग्रॅम प्रथिनं देतं, ३० ग्रॅम सोयावडी १५. अर्धवट निरोपाने इथेच घात होतो. "कडधान्यं खा" एवढंच सांगितलं की लोक दोन भाकऱ्या खातात आणि वर उसळ खातात. काय घालायचं आणि त्याच्या बदल्यात काय काढायचं, हे दोन्ही एकाच वाक्यात यायला हवं.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मात्र हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगू नये. त्यांचं प्रथिनांचं आणि पोटॅशियमचं गणित वेगळं असतं.

चहाचं गणित सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा. रोज ४० ग्रॅम, महिन्याला १ किलो २०० ग्रॅम साखर, एकट्या माणसाची. बंद करा म्हटलं तर कुणी करत नाही, कारण ज्या घरी कामाला जातात तिथे चहा त्यांनी दिलेला असतो आणि तो गोडच असतो. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत चार आठवड्यांत दोन्ही चमचे सुटतात, जीभही सोबत बदलते. गुळाचा चहा म्हणजे पथ्य, ही समजूत मात्र एकदा स्पष्टच मोडावी. शुगरसाठी गूळ आणि साखर जवळपास एकच.

वजन ठीक, शुगर चढलेली

बहुतेक ॲप पहिल्याच पानावर उंची-वजन विचारतात आणि त्यावरून रंग दाखवतात. वस्तीतला सडपातळ बांधकाम मजूर तिथे हिरव्यात येतो. "तुमचं वजन योग्य आहे!" आणि त्याला वाटतं, आपल्याला काही करायला नको. या फसगतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपल्याकडची ठेवण. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर, तर पोटाची चरबी जास्त.

उलटी चूकही होते. सगळा भर वजन उतरवण्यावर असलेलं ॲप अशा बारीक, कष्टकरी माणसाला १२०० उष्मांकांचा आराखडा देतं. तो आठवडाभर पाळतो, कामावर चक्कर येते, मग ॲपही जातं आणि कधी कधी गोळ्याही. मधुमेहाच्या आहारात दर वेळी कमी खायचं नसतं, बऱ्याचदा तेवढंच खायचं पण वाटे बदलून. बारीक माणसाचं वजन आपोआप घटत असेल, लघवी-तहान वाढली असेल, तर ते प्रगतीचं चिन्ह समजू नका. डॉक्टरकडे पाठवा.

फोटोवरून ताट ओळखणाऱ्या ॲपबद्दल एवढंच: वाटीची खोली, वरणाचा दाटपणा आणि भाजीतलं तेल फोटोत दिसत नाही. फोटो माणसाला पाठवायचा असेल तर उपयोगी आहे. ताटाच्या वरून सरळ काढायचा आणि मापासाठी शेजारी नेहमीचा चमचा ठेवायचा.

चांगला निरोप कसा लिहायचा

देवनागरी एसएमएसला जागा फार कमी मिळते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० खुणा बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. त्यामुळे सुरुवातीचा "मधुमेहींनी कर्बोदकांचे" हा निरोप कसाबसा एकात बसतो; त्यात आणखी एक-दोन शब्द आले की तो दोन तुकड्यांत जातो, पाठवणाऱ्याला दोनाचा खर्च पडतो आणि काही जुन्या फोनांवर मागचा तुकडा आधी दिसतो. त्याऐवजी: "मावशी, मटकी आत्ता भिजत घाला. परवाच्या डब्यात भाकरी एक, उसळ." हा साठ खुणांच्या आत बसतो. त्यात वेळ आहे, वस्तू आहे, माप आहे आणि नातं आहे. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे तर मजकुराचे साचे दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदवावे लागतात, म्हणून महिन्याभराचे निरोप एकत्र बसून लिहिलेले बरे.

ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांच्यासाठी आवाजी निरोप. तीस ते चाळीस सेकंद, एकच गोष्ट, पुस्तकी मराठी नको. "सेवन करा" म्हणणारा आवाज लोक दुसऱ्या वेळी कापतात. बाईच्या फोनवर बाईचा आवाज असेल तर ती तो पुन्हा ऐकते, आणि बऱ्याचदा सासूलाही ऐकवते. स्वयंपाकघरात शेवटचा शब्द सासूचा असेल तर निरोप तिला उद्देशून केलेला अधिक बरा. नवऱ्याला शुगर आणि भाकऱ्या बायको थापते, अशा घरात निरोप फक्त नवऱ्याच्या फोनवर गेला तर तो खिशातच राहतो.

आठवड्याला दोन ते चार निरोप पुरतात. रोज तीन आले की लोक आवाज बंद करून टाकतात. दोन आठवडे एकच विषय धरावा, चहाची साखर किंवा रात्रीचा भात. तिसरा निरोप प्रश्न असावा: "काल रात्री भात किती वाट्या झाला? १ किंवा २ असं पाठवा." उत्तर आलं की पलीकडून माणसाने काहीतरी म्हणायला हवं, निदान दुसऱ्या दिवशीपर्यंत. आमच्या मते सगळ्या व्यवस्थेतला खरा महाग भाग हाच आहे, आणि पैसे कमी पडले की पहिली काटछाटही इथेच होते. उत्तर न देणारा नंबर लोक दोन आठवड्यांत ओळखतात.

वेळ माणसागणिक विचारूनच ठरवायची. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक रात्री अकराला जेवतो आणि सकाळी आठला झोपतो. त्याला "सकाळचा नाश्ता चुकवू नका" हा निरोप झोपमोड करतो, दुसरं काही नाही. मंडईत किंवा मार्केट यार्डात माल टाकणाऱ्यांचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. भाजीबद्दलचा निरोप संध्याकाळी उशिरा पाठवावा. बाजार उठायच्या वेळी मेथी, शेपू, चाकवताच्या जुड्या स्वस्तात सुटतात आणि बहुतेक लोक तेव्हाच कामावरून परतत असतात.

चार पट्ट्यांचा प्रयोग

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी बोट टोचून शुगर मोजायचं यंत्र, एकदा घेतलं की झालं, पट्ट्यांचा खर्च मात्र चालू राहतो. त्यामुळे रोज उपाशीपोटीची शुगर बघण्यात पट्ट्या घालवण्यापेक्षा चार पट्ट्यांत अधिक शिकता येतं. एका दुपारी नेहमीचं जेवण: जेवायच्या आधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. चार दिवसांनी त्याच वेळी, त्याच गोळ्यांवर, बदललेलं जेवण: पुन्हा दोन. चारही आकडे फोनवर पाठवायचे. आधीच्या जेवणाने शुगर १४० वरून २५० झाली आणि उसळीच्या जेवणाने १४० वरून १९०, हे एकदा स्वतःच्या बोटावर दिसलं की पन्नास निरोपांचं काम होतं. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे साधारण लक्ष्य असतं, वय आणि इतर आजारांप्रमाणे डॉक्टर ते बदलतात.

चुका कुठे होतात? दोन तास जेवण संपल्यापासून मोजणं. गूळ किंवा केळं धरलेल्या हाताने, न धुता बोट टोचणं. आकडा खोटाच चढा येतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं ठेवणं, पावसाळ्यात तर हमखास. जुन्या यंत्रात डबीवरचा कोड न जुळवणं. आणि वीस आकड्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढणं. चांगल्या यंत्रालाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे चालतं, तेव्हा १६० आणि १७५ यांत फरक आहे असं समजू नका. पट्ट्या परवडतच नसतील तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करावी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससून रुग्णालयात त्याची सोय विचारावी. हा आकडा एक टक्क्याने उतरला, समजा ९ वरून ८ वर आला, तरी ते मोठं काम असतं. ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात दर एक टक्का उताराबरोबर डोळे-मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळलं होतं.

भाकरी कमी झाली, गोळी तेवढीच

फोनवरच्या आहारसल्ल्याचा सर्वांत मोठा धोका इथे आहे, आणि बहुतेक आकर्षक ॲपमध्ये त्यावर ओळही नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकदम जेवण कमी केलं, किंवा गोळी घेऊन नुसत्या चहावर काम सुरू केलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असं सहसा होत नाही. म्हणून कुणालाही पहिला निरोप पाठवायच्या आधी गोळ्यांच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवावा, आणि या गटातली गोळी दिसली तर आधी डॉक्टरांशी बोलणं, मग भाकरीला हात.

शुगर पडली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर जेवण. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. एक अपवाद लक्षात ठेवा: व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याला साधी साखर पटकन लागू पडत नाही, कारण ही औषधं साखर फोडायचं कामच लांबवतात. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर जवळ असावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, भेंडीचं पाणी सांगणारे फॉरवर्ड थांबवता येत नाहीत. रस पिणाऱ्याशी भांडू नये. "रस प्या हवं तर, गोळी सोडू नका, आणि हा चार पट्ट्यांचा प्रयोग रसावरही करून बघा" असं म्हटलं की बरेच जण स्वतःच निकाल लावतात.

तांत्रिक वाटणाऱ्या, पण खऱ्या अडचणी

रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. नंबर "लागत नाही" म्हणून नावापुढे फुली मारू नये. दुसरा, शेजारणीचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा, तिची आणि त्यांची परवानगी घेऊन. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो संध्याकाळी मुलाच्या हातात असतो. अशा घरात मुलगाच मदतनीस: निरोप तो वाचून दाखवतो, आकडे तो पाठवतो, आणि चहात किती साखर पडली याची चहाडीही तोच करतो.

व्हॉट्सॲप गट काढणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पण गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि "मला शुगर आहे" ही बातमी वस्तीभर होते. काम देणाऱ्यांना कळू नये असं अनेकींना वाटतं. ब्रॉडकास्ट यादीत नंबर दिसत नाहीत, मात्र समोरच्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असेल तरच निरोप पोचतो. हे न कळल्यामुळे शंभर जणांना पाठवलेला निरोप पंधरा जणांनाच जातो आणि पाठवणाऱ्याला वाटतं, लोकांना रस नाही. नाव नोंदवतानाच समोर बसून नंबर साठवून द्यायचा, हा एवढाच उपाय.

फुकटचं ॲप टाकून देताना बघावं: मराठी आहे का, नेट नसताना चालतं का, नोंदीसाठी आधार किंवा सगळे संपर्क मागतं का, आठवड्याने पैसे मागतं का, आणि त्यात मटकी, शेपू, हुलगे, भाकरी आहेत का. ओट्स, किन्वा आणि ब्रोकोलीच दिसली तर ते ज्याच्यासाठी बनवलं आहे तो माणूस वेगळा आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी

निरोपांची वही कॅलेंडर समोर ठेवून लिहावी. श्रावण, नवरात्र, चतुर्थी, एकादशी, रमजानचे रोजे, गणपतीतले मोदक, दिवाळीचा फराळ, पालख्या पुण्यात येतात तेव्हाचं चालणं आणि वाटेतला प्रसाद, या सगळ्या दिवशी नेहमीचे निरोप कुचकामी ठरतात. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा. आणि गोळ्या तशाच. उपवास करू नका म्हणणारा नंबर लोक बंद करतात. वरईचे तांदूळ अर्धी वाटी, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, आणि गोळीचं काय करायचं ते आधी दवाखान्यात विचारून, असं सांगितलं तर ऐकलं जातं. हा निरोप चतुर्थीच्या सकाळी पाठवून उपयोग नाही. साबुदाणा आदल्या रात्री भिजत पडतो, तेव्हा निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, दुकानातून सामान आणायच्या आधी पोचायला हवा.